खुर्चीतले लढाऊ विमान

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची भाची आमच्याकडे राहायला आली ती दोन पिशव्या घेऊन. एका पिशवीत कपडे होते. दुसरीत एक जॉयस्टिक, इंजिनाचा जोर कमी-जास्त करण्याचा दांडा म्हणजे थ्रॉटल, आणि पायांनी दाबायच्या पट्ट्यांची जोडी. भाची बारावीत आहे आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. खडकवासल्याच्या या प्रबोधिनीत २०२२ सालापासून मुलींना प्रवेश मिळू लागला आणि मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. तेव्हापासून तिने हवाई दलाचा ध्यास घेतला आहे. आल्या संध्याकाळीच तिने आमच्या संगणकावर 'डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर' नावाचा कार्यक्रम चढवला, त्यातले एफ-१६ जातीचे लढाऊ विमान उघडले आणि विचारले, "मामा, मला याच्यावर दोनशे तास झालेत. म्हणजे मला हे विमान चालवता येतं असं म्हणायला हरकत नाही ना?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर चटकन देता येईना. आम्ही संशोधनात आयुष्य घालवलेले. विमानात बसलो ते प्रवासी म्हणून. तेव्हा "आधी आम्हाला बसू दे, मग सांगतो," असे म्हणून आम्ही खुर्चीचा ताबा घेतला. पुढच्या चार संध्याकाळी आम्ही ते विमान अकरा वेळा पाडले. प्रत्येक अपघाताने भौतिकीचा एकेक धडा नव्याने शिकवला. ते धडे आणि शेवटी भाचीच्या प्रश्नाचे उत्तर, असा या लेखाचा बेत आहे.

कलणे म्हणजे वळणे नव्हे

उड्डाण सोपे गेले. शस्त्रांचा भार नसेल तर या विमानाच्या इंजिनाचा कमाल रेटा विमानाच्या वजनाच्या जवळपास असतो. म्हणजे हातातून सुटलेला दगड खाली येताना ज्या झपाट्याने वेग घेतो, जवळजवळ त्याच झपाट्याने हे विमान धावपट्टीवर आडवे धावते. दहा-बारा सेकंदांत ताशी २८० किलोमीटरचा वेग येतो आणि दांडा किंचित मागे ओढताच चाके जमीन सोडतात.

पहिला अपघात झाला तो वळताना. डावीकडे जायचे म्हणून आम्ही सायकलचे हँडल वळवावे तसा दांडा डावीकडे दाबला. विमान कुशीवर कलंडले. घाबरून दांडा मध्ये आणला, तरी विमान कललेलेच राहिले आणि त्याचे नाक हळूहळू खाली झुकू लागले. आम्ही पुन्हा डावीकडे दाबले. काही सेकंदांत पडदाभर ज्वाळा दिसल्या. "मामा, कलवलंस खरं, पण ओढलंस कुठं?" भाची म्हणाली.

तिच्या या एका वाक्यात वर्तुळाकार गतीचा सगळा धडा आहे. मोटारीला वळवणारे बल रस्ता आणि टायर यांच्यातील घर्षणातून मिळते. हवेत रस्ता नाही. विमानाकडे आडवे खेचणारे मोठे बल एकच, ते म्हणजे पंखांवर निर्माण होणारे उत्थापक बल, आणि ते पंखांना काटकोनात असते. विमान सरळ असताना हे बल सरळ वर असते आणि वजन तोलून धरते. विमान कलले की बलही कलते. त्याचा एक घटक वर राहतो, दुसरा बाजूला जातो. बाजूचा घटक हेच अभिकेंद्री बल. पण एकूण बल तेवढेच ठेवले तर वरचा घटक कमी पडतो. ४५ अंश कललेल्या विमानात तो वजनाच्या ७१ टक्केच उरतो आणि विमान खाली जाऊ लागते. उंची राखायची असेल तर कलण्याबरोबर दांडा मागे ओढून, वाऱ्याशी होणारा पंखांचा कोन वाढवून, एकूण उत्थापक बल वाढवले पाहिजे.

किती वाढवायचे? वरचा घटक वजनाइतका हवा, यावरून उत्तर लगेच मिळते: एकूण बल म्हणजे वजन भागिले कलण्याच्या कोनाचा कोसाइन. ६० अंशांचा कोसाइन अर्धा, म्हणून तेथे बल वजनाच्या दुप्पट लागते. ८० अंशांवर ते पावणेसहा पट होते आणि ८४ अंशांच्या जरा अलीकडे नऊ पट. वैमानिक यालाच '२ जी', '९ जी' म्हणतात. नऊपट बल म्हणजे आसनावरच्या माणसालाही आपले वजन नऊपट झालेले जाणवणार.

आता वर्तुळाची त्रिज्या काढू. 'जी'च्या आकड्याचा वर्ग करायचा, त्यातून १ वजा करायचा, वर्गमूळ घ्यायचे, त्याला गुरुत्वत्वरणाने गुणायचे आणि या गुणाकाराने वेगाच्या वर्गाला भागायचे. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर वेग धरला, तर २ जीच्या वळणाची त्रिज्या सुमारे ३.७ किलोमीटर येते आणि वर्तुळ पुरे व्हायला दीड मिनिट लागते. ९ जीला त्रिज्या सुमारे ७१० मीटर येते आणि वर्तुळ अठरा सेकंदांत पुरे होते. वेगाचा वर्ग वरच्या स्थानी आहे हेही पाहण्यासारखे आहे. तेवढ्याच जीला वेग दुप्पट केला की त्रिज्या चौपट होते. लढाऊ विमान जितके वेगात तितके चपळ, ही आमची समजूत पहिल्याच संध्याकाळी गळून पडली.

वेग आणि उंचीचा हिशोब

दुसऱ्या संध्याकाळी भाचीने संगणकाने चालवलेले एक शत्रूविमान समोर सोडले. आम्हाला आता वळता येत होते. तेव्हा आम्ही दांडा पोटाशी ओढून त्याच्यामागे गरागरा वळू लागलो. दीड वर्तुळ होते न होते तोच आमचे विमान मरगळले. शत्रू मात्र मध्येच वर चढला, थोडा थांबल्यासारखा वाटला आणि वरून उतरून आमच्या पाठीशी आला. असे चार वेळा झाले.

कारण असे. पंख उत्थापक बल देतात ते हवेला खाली ढकलून, आणि त्याची किंमत रोधाच्या रूपाने मोजावी लागते. रोधाचा हा भाग, वेग तोच असेल तर, उत्थापक बलाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरळ उडताना तो १ धरला तर ३ जीला ९ आणि ९ जीला ८१ होतो. एवढा रोध इंजिनाच्या रेट्याला भारी पडला की वेग घसरतो. वेग घसरला की पंखांची क्षमताही घटते, कारण जास्तीत जास्त मिळू शकणारे उत्थापक बल वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ज्या वेगाला ९ जी जेमतेम मिळतात, त्याच्या निम्म्या वेगाला सव्वादोनच मिळतात. आम्ही ओढत राहिलो आणि विमान कंगाल झाले.

शत्रू वर का चढला? आपल्या दहावीच्या पुस्तकातली गोष्ट आहे: गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा एकमेकींत बदलता येतात. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट, एवढी उंची त्या वेगाच्या बदल्यात मिळते. सेकंदाला २५० मीटर वेग म्हणजे सुमारे ३.२ किलोमीटर उंची आणि १५० मीटर वेग म्हणजे सुमारे १.१५ किलोमीटर. शत्रूने वेग खर्चून उंची घेतली, कमी वेगात लहान त्रिज्येने वळला आणि उंची मोडून पुन्हा वेग मिळवला. आम्ही आमचा वेग हवेला देऊन बसलो होतो. तो परत मिळणार नव्हता.

हा हिशोब लढाऊ विमानांना पद्धतशीरपणे लावला तो अमेरिकी हवाई दलातील जॉन बॉइड आणि गणिती थॉमस क्रिस्टी यांनी, १९६० च्या दशकात. त्यांनी एक राशी मध्यवर्ती धरली: रेट्यातून रोध वजा करायचा, वेगाने गुणायचे आणि वजनाने भागायचे. उत्तर मीटर प्रति सेकंद या एककात येते आणि विमानाच्या ऊर्जेचा साठा किती वेगाने वाढतो वा घटतो हे सांगते. प्रत्येक उंचीला आणि वेगाला ही राशी काढून दोन विमानांचे नकाशे शेजारी ठेवले की कोणी कोठे लढावे आणि कोठून निसटावे हे कळते. एफ-१६ च्या घडणीमागे हाच विचार होता. आमच्या भाचीला बॉइडचे नाव ठाऊक नव्हते, पण दोनशे तासांत त्याचा हिशोब तिच्या हातात उतरला होता. सिम्युलेटरची ही बाजू आम्हाला मनापासून पटली.

तळहातावरची काठी

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. दांडा कितीही जोराने ओढला तरी विमान ९ जीच्या पुढे जात नाही. वेग कमी असताना नाक फार वर करू पाहिले तर तेही ते जुमानत नाही. दांडा सोडून दिला तर आहे त्या स्थितीत निमूट उडत राहते. जणू आमच्या आणि विमानाच्या मध्ये कोणी तिसरा बसला होता. तो तिसरा म्हणजे नियंत्रक संगणक.

साधे विमान मुळात स्थिर असते. त्याचा गुरुत्वमध्य पुढे असतो, शेपटीचा पंख किंचित खाली दाबून तोल राखतो आणि झुळकीने नाक वर गेले तर ते आपोआप खाली येते. पण जे आपोआप सरळ होते, ते वळवायला नाखूश असते. शिवाय शेपटीच्या खाली दाबण्याने पंखांवरचा भार वाढतो. एफ-१६ मध्ये गुरुत्वमध्य मागे सरकवून ही स्थिरता मुद्दाम काढून टाकली आहे. ध्वनीपेक्षा कमी वेगात हे विमान तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखे वागते. नाक जरा हलले की ते आणखी हलू पाहते. संगणक सेकंदाला अनेक वेळा हालचाल मोजतो आणि शेपटी हलवून सावरतो. वैमानिकाचा दांडा शेपटीला जोडलेलाच नाही, तो संगणकाला फक्त इच्छा कळवतो: "एवढे जी दे," "इतक्या वेगाने कल."

हे माणसाला का जमले नसते, ते वर्गात दाखवता येते. मीटरपट्टी तळहातावर उभी तोलता येते, पेन्सिल येत नाही. काठीचे कलणे पावणेतीन पट वाढायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मीटरपट्टीला तो सुमारे पाव सेकंद आणि १५ सेंटिमीटरच्या पेन्सिलीला सुमारे एक दशांश सेकंद येतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. मीटरपट्टी त्या मर्यादेच्या अलीकडे आहे, पेन्सिल पलीकडे.

संगणक मध्ये असला तरी धोका संपत नाही, हे खुद्द एफ-१६ च्या जन्मकथेतच आहे. २० जानेवारी १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर या विमानाला फक्त जमिनीवर वेगात पळवून पाहायचे होते. ते डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागले. चाचणी-वैमानिक फिल ओस्ट्रायकर जितके सावरू पाहत होता तितक्या झोकांड्या वाढत होत्या, कारण दांड्याला मिळणारा प्रतिसाद फार तीव्र ठेवला गेला होता. धावपट्टीवर राहिलो तर विमान जाईल हे ओळखून त्याने ते सरळ हवेत नेले आणि सुमारे सहा मिनिटांनी सुखरूप उतरवले. ठरलेले पहिले उड्डाण २ फेब्रुवारीला झाले, पण खरे पहिले उड्डाण हे होते. आपले तेजस विमानही असेच मुळात अस्थिर आहे. ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरला ते पहिल्यांदा उडाले, त्याआधी त्याच्या नियंत्रक संगणकाची परीक्षा जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये दीर्घकाळ चालली होती. हल्ली वैमानिकाइतकेच विमानही सिम्युलेटरमध्ये घडते.

संगणक हे सारे कसे दाखवतो?

पडद्यावरचे विमान खरे वाटते, कारण त्यामागे न्यूटनचे नियम चालू असतात. या क्षणी विमान कोठे आहे, त्याचा वेग किती, पंखांचा वाऱ्याशी कोन किती, हे संगणकाला ठाऊक असते. त्या वेगाला आणि कोनाला बले किती, हे तो कोष्टकातून वाचतो. अशी कोष्टके वातबोगद्यात प्रतिकृती ठेवून केलेल्या मोजमापांवरून बनतात. एफ-१६ सारख्या विमानाची बरीच मापे 'नासा'ने १९७९ साली एका अहवालात उघड प्रसिद्ध केली आहेत. बल भागिले वस्तुमान म्हणजे त्वरण. त्वरण गुणिले क्षणाचा काळ, एवढा वेगात बदल. वेग गुणिले क्षणाचा काळ, एवढा जागेत बदल. झाले, पुढच्या क्षणाला पुन्हा तेच.

ही रीत विद्यार्थ्यांकडून वहीत करून घेता येते. हातातून सोडलेला दगड घ्या, गुरुत्वत्वरण १० धरा. तीन सेकंदांत तो ४५ मीटर पडला पाहिजे. एक सेकंदाची पायरी घेऊन, प्रत्येक पायरीच्या आरंभीचा वेग वापरत गेलो, तर ३० मीटरच येतात. अर्ध्या सेकंदाची पायरी घेतली तर ३७.५, एक दशांश सेकंदाची घेतली तर ४३.५ आणि एक शतांश सेकंदाची घेतली तर ४४.८५. पायरी लहान करत गेले की उत्तर खऱ्याजवळ जाते. सिम्युलेटर याहून सुधारलेली रीत वापरतात, पण कल्पना हीच.

चहाचा कप

तिसऱ्या संध्याकाळी एक गंमत झाली. आम्ही जोरात वळत होतो. पडद्याच्या कडा काळवंडू लागल्या, मधोमध नळीतून पाहावे एवढेच चित्र उरले, श्वासाचा आवाज जड झाला, आणि मग सगळा पडदा काळा. वैमानिक बेशुद्ध झाला होता. आमचा चहाचा कप मात्र टेबलावर निवांत होता. तो उचलून आम्ही एक घोट घेतला आणि सिम्युलेटर कोठे थांबतो हे त्या क्षणी लख्ख कळले. पडदा ९ जी सांगत होता, कप १ जीच सांगत होता.

वैमानिक बेशुद्ध का होतो, याचे गणित शाळेतल्या द्रवदाबाचे आहे. बसलेल्या माणसाच्या हृदयापासून डोळ्यांपर्यंत साधारण ३० सेंटिमीटर उंची असते. रक्ताची घनता घनमीटरला सुमारे १०६० किलोग्रॅम. १०६० गुणिले ९.८ गुणिले ०.३ म्हणजे सुमारे ३१०० पास्कल, म्हणजेच साधारण २३ मिलिमीटर पारा. हृदयापाशी सरासरी दाब १०० मिलिमीटर धरला तर डोळ्यांपाशी ७७ उरतात. ३ जीला घट तिप्पट, म्हणून ३१ उरतात. ४ जीला उरतात अवघे ८. नेत्रगोलाच्या आत स्वतःचा सुमारे १५ मिलिमीटर दाब असतो. रक्ताचा दाब त्याखाली गेला की दृष्टिपटलाला रक्त मिळेनासे होते. म्हणून शुद्ध जाण्याआधी दृष्टी जाते, आणि तीही कडांकडून. ५ जीला तर हिशोब शून्याच्या खाली जातो. शरीर रक्तवाहिन्या आवळून थोडे सावरून घेते, म्हणून हे आकडे ढोबळ समजावेत. पण विनासाहाय्य माणसाची मर्यादा खरोखरच याच आकड्यांच्या आसपास असते.

मग ९ जी कसे सोसतात? वैमानिकाचा खास पोशाख पायांभोवती आणि पोटाभोवती हवेने फुगतो व रक्ताला खाली साचू देत नाही. एफ-१६ मध्ये आसन ३० अंश मागे कललेले असते, त्याने उंची थोडी कमी होते. सर्वांत मोठा वाटा मात्र स्वतः वैमानिकाचा. पाय आणि पोट आवळून, श्वास कोंडून, दर तीन सेकंदांनी तो झटकन बदलत त्याने रक्त वर ढकलत राहायचे असते. हेल्मेटसह सहा किलोचे डोके तेव्हा ५४ किलोचे झालेले असते, आणि तशातही मान वळवून शत्रूला शोधायचे असते. मेंदूकडे प्राणवायूचा साठा जेमतेम पाच सेकंदांचा. तो संपला की माणूस काही सेकंद बेशुद्ध पडतो आणि जागा झाल्यावरही काही काळ गोंधळलेला राहतो. हा सगळा वेळ २० सेकंदांचा धरला तरी सेकंदाला २५० मीटर या वेगाने विमान तेवढ्यात पाच किलोमीटर जाते. या प्रकारे जगभर वैमानिक गेले आहेत. जमिनीशी टक्कर होणार असे दिसताच विमान स्वतःच वर खेचणारी यंत्रणा एफ-१६ मध्ये २०१४ पासून बसवू लागले. मे २०१६ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना येथे सराव करणारा एक शिकाऊ वैमानिक ८ जीच्या वर बेशुद्ध झाला. त्याचे विमान पूर्ण जोरात जमिनीकडे निघाले असता या यंत्रणेने ते सावरले आणि तो वाचला.

कप आणखी एक गोष्ट शिकवतो. समजा, खऱ्या विमानात आपण चहा घेऊन बसलो आहोत आणि विमान ६० अंश कलून नीट वळते आहे. चहा सांडेल का? नाही. चहा आणि कप यांना मिळणारे एकूण बल विमानाच्या तळाशी काटकोनातच असते, म्हणून चहाचा पृष्ठभाग कपाच्या काठाशी समांतर राहतो. बॉब हूवर हा अमेरिकी वैमानिक विमान पूर्ण गोल फिरवत असताना एका हाताने पेल्यात चहा ओतून दाखवत असे. अर्थात चहाकडे पाहून क्षितिज कोठे आहे हे कळणे शक्य नाही. आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची स्थिती त्या चहासारखीच आहे.

कान खोटे बोलतो

अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव मागे राहतो आणि फिरण्याची जाणीव होते. पण फिरणे एकसारखे चालू राहिले तर दहा-वीस सेकंदांत द्रवही बरोबर फिरू लागतो आणि जाणीव विरते. मग फिरणे थांबले की द्रव पुढे धावतो आणि आपण उलट दिशेने फिरत आहोत असे वाटते.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. फिरत्या खुर्चीवर विद्यार्थ्याला बसवावे, डोळे बांधावे आणि ज्या दिशेने फिरतो असे वाटेल तिकडे अंगठा दाखवायला सांगावे. खुर्ची एकसारख्या संथ गतीने अर्धा मिनिट फिरवावी आणि हळूच थांबवावी. अंगठा आधी बरोबर दिशा दाखवतो, मग घोटाळतो आणि खुर्ची थांबल्यावर उलट दिशा दाखवतो. बाकीचा वर्ग हसत असतो, पण खुर्चीवरच्याला आपले खरेच वाटत असते. (उठताना तोल जातो, दोघांनी धरावे.)

ढगात किंवा रात्री, क्षितिज दिसत नसताना, वैमानिक त्या खुर्चीवरच असतो. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टपाल वाहून नेण्याचे काम सैन्याच्या वैमानिकांकडे आले. कडक हिवाळा होता आणि केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव बहुतेकांना नव्हता. काही आठवड्यांत बारा जण मृत्युमुखी पडले. तेव्हा सैन्याचे लक्ष एडविन लिंक याच्या खोक्याकडे गेले. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीत असतो तसा ऑर्गनमध्येही भाता असतो. लिंकने हेच भाते वापरून, हवा भरून आणि सोडून झुकणारे एक लाकडी विमान १९२९ साली तयार केले होते. वरचे झाकण लावले की आत बसलेल्याला फक्त उपकरणे दिसत. सैन्याने १९३४ मध्ये अशी सहा यंत्रे घेतली आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांवर शिकले. अंगाला काय वाटते ते बाजूला ठेवून काट्यावर विश्वास ठेवायचा, हा त्या खोक्याचा मुख्य पाठ होता.

आजची प्रवासी विमानांची मोठी सिम्युलेटरे सहा पायांवर हलतात आणि कानाच्या याच दुबळेपणाचा फायदा घेतात. खोली हळूच मागे झुकवली आणि पडद्यावर धावपट्टी पळवली की आतल्याला विमान वेग घेते आहे असे वाटते, कारण झुकणे आणि त्वरण यांतला फरक कानाला कळत नाही. पण सतत टिकणारे ९ जी अशा पायांना देता येत नाहीत. त्यासाठी माणसाला लांब भुजेच्या टोकाशी बसवून गरगरा फिरवणारे अपकेंद्री यंत्रच लागते. आपल्या हवाई दलाच्या बंगळूर येथील एरोस्पेस मेडिसिन संस्थेत असे यंत्र आहे आणि लढाऊ वैमानिकांना त्यात बसवून सराव दिला जातो.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर

चौथ्या संध्याकाळी आमचे विमान पहिल्यांदा, वाकडेतिकडे का होईना, धावपट्टीवर उतरले. मग आम्ही भाचीला उत्तर दिले.

तुला पुष्कळ येते, असे आम्ही म्हणालो. कोणते बटण केव्हा, कोणता काटा आधी पाहायचा, वळताना काय खर्च होते, उंची केव्हा मोडायची, हे सगळे खरे ज्ञान आहे आणि ते खऱ्या विमानातही तसेच राहील, कारण दोन्हीकडे नियम न्यूटनचेच आहेत. पण प्रत्येक प्रतिकृती काही गोष्टी दाखवते आणि काही गाळते. शाळेतला पृथ्वीचा गोल खंडांचे आकार बरोबर दाखवतो, पण तो आतून पोकळ असतो. तो पोकळ आहे हे माहीत असले म्हणजे गोल उपयोगी पडतो. या खुर्चीत डोळ्यांना सगळे मिळते, पण रक्ताला, मानेला आणि कानाला काही कळत नाही. शिवाय येथे पुन्हा सुरू करण्याचे बटण आहे. आम्ही अकरा वेळा मेलो आणि अकरा वेळा चहा प्यायलो. चुका करून शिकायला याहून चांगली जागा नाही; पण चुकीची भीती येथे शिकता येत नाही. समोरचे विमान पाडले तेव्हाही त्यात कोणी बसले होते असे एकदाही आमच्या मनात आले नाही, हे आम्ही तिला सांगितले तेव्हा ती जरा गप्प झाली.

मग म्हणाली, "म्हणजे थिअरी झाली, प्रॅक्टिकल बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमच्या अभ्यासिकेतली फिरती खुर्ची ओढून बाहेर आणली, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि आमच्या हाती खुर्चीची पाठ दिली. अर्धा मिनिट फिरवून आम्ही खुर्ची थांबवली. तिचा अंगठा खात्रीने उलट दिशेला वळला. "मामा, तू अजून फिरवतोयस," ती म्हणाली. आम्ही ओढणी सोडली. खुर्ची स्थिर होती आणि आम्ही दोन पावले दूर उभे होतो. ती बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "पुन्हा एकदा."